पस्तीस अंशांची खोली

घरचा कॉम्प्युटर चालता चालता बंद पडला, की आपल्याकडे तीन निदानं ठरलेली असायची. एक, व्हायरस शिरला. दोन, विंडोज उडालं. तीन, व्होल्टेज कमीजास्त झालं. मग ओळखीतला कॉम्प्युटरवाला बोलावला जायचा. तो सीडींचं पाकीट घेऊन यायचा, चहा पिता पिता फॉरमॅट मारायचा, ड्रायव्हर टाकायचा आणि पैसे घेऊन जायचा. रात्री मशीन मस्त चालायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाणं अर्ध्यात असताना पडदा पुन्हा काळा.

रात्री चालतं आणि दुपारी बंद पडतं, यातच खरं तर उत्तर होतं. व्हायरसला दिवस-रात्र कळत नाही. उष्णतेला कळते.

साधारण २००० ते २०१० या दशकात वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, ऐरोली इथल्या हजारो घरांत पहिला कॉम्प्युटर आला. दहावीच्या निकालाचं बक्षीस म्हणून, इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली म्हणून, किंवा एमएस-सीआयटीचा क्लास लावलाय तर घरी सराव हवा म्हणून. घरातल्या टीव्ही-फ्रिजपेक्षा महाग अशी ही वस्तू होती. ती दर उन्हाळ्यात आजारी का पडायची, याची गोष्ट फक्त धुळीची किंवा बिघडलेल्या पंख्याची नाही. हे यंत्र ज्यांनी आखलं त्यांच्या कागदावर एक खोली होती. आपली खोली ती नव्हती. दोन खोल्यांमधल्या त्या फरकाचा हा इतिहास आहे.

कॉम्प्युटर म्हणजे शेगडी

आधी एक साधी गोष्ट. पंखा वीज घेतो आणि हवा हलवतो. मिक्सर वीज घेतो आणि चटणी वाटतो. प्रोसेसर वीज घेतो आणि बेरजा करतो, पण बेरीज ही काही ढकललेली वस्तू नाही. प्रोसेसरमध्ये गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. प्रोसेसर १०० वॅट खात असेल, तर तुम्ही त्याच्यावर कविता लिहा नाहीतर गेम खेळा, खोलीत १०० वॅटची शेगडी पेटलेली आहे. कॉम्प्युटर तापतो हा बिघाड नाही. तापलेलं बाहेर जात नाही, हा बिघाड.

ही अडचण कॉम्प्युटरइतकीच जुनी आहे. १९४६ मध्ये अमेरिकेत जगासमोर आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते आणि ते यंत्र १५० किलोवॅट वीज खायचं. आपल्या खाडीपलीकडेही हा प्रश्न येऊन गेला आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी भारतात रचलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक बांधला. १९५६ मध्ये त्याचं छोटं प्रायोगिक रूप चालू झालं, १९६० मध्ये पूर्ण यंत्र. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला नाव दिलं, टिफ्रॅक.

टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० व्हॉल्व्ह होते. त्याची मेमरी ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबात १० केबी. व्हॉट्सॲपवर येणारा ‘सुप्रभात’चा फोटोही त्यात मावला नसता. व्हॉल्व्हची गंमत अशी, की आतली तार तापल्याशिवाय तो कामच करत नाही. छोट्या व्हॉल्व्हची नुसती तार तापवायला साधारण दोन वॅट लागतात असं धरलं, तरी २,७०० व्हॉल्व्हचे पाच किलोवॅटहून जास्त झाले, आणि अजून एकही बेरीज झालेली नाही. म्हणजे स्वयंपाकघरातल्या दोन-तीन इंडक्शन शेगड्या एका खोलीत दिवसभर चालू ठेवायच्या, तेही मुंबईच्या दमट हवेत.

त्या काळी याचं उत्तर सरळ होतं. यंत्र एकच आहे, तर खोली त्याच्यासाठी थंड ठेवा. माणसांनी यंत्राच्या खोलीत यायचं. पुढे यंत्र माणसांच्या खोलीत आलं, तेव्हा पंचाईत झाली.

पाच वॅटपासून एकशे पंधरापर्यंत

ट्रान्झिस्टर आणि मग चिप आल्यावर काही वर्षं वाटलं, की उष्णतेचा प्रश्न मिटला. १९७८ चा इंटेलचा ८०८६ प्रोसेसर दोन वॅटच्या आसपास वीज घ्यायचा. त्याच्यावर पंखा नाही, धातूचा ठोकळा नाही, काही नाही. उघडा बोडका मदरबोर्डवर बसायचा. १९८९ ला आलेला ४८६ सुरुवातीला पाच वॅटच्या आसपास होता. तोही बहुतेक ठिकाणी नुसताच चालायचा.

वाशीच्या पुलावरून पहिली लोकल धावली ती मे १९९२ मध्ये. त्यानंतर वर्षभराच्या आत, मार्च १९९३ मध्ये, इंटेलचा पेंटियम आला. ‘पेंटियमचे जनक’ म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते विनोद धाम जन्माने पुण्याचे. पेंटियममध्ये ३१ लाख ट्रान्झिस्टर होते, वेग ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ, आणि वीज सुमारे १५ वॅट. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण इथून पुढे प्रोसेसरच्या डोक्यावर पंखा ही चैन राहिली नाही, तो शरीराचा भाग झाला. धातूच्या पात्यांचा ठोकळा म्हणजे हीट सिंक, त्यावर पंखा, आणि प्रोसेसर व ठोकळा यांच्या मध्ये पेस्टचा पातळ थर. घरगुती कॉम्प्युटरमध्ये ही रचना आजही तीच आहे.

पुढची दहा वर्षं ही मेगाहर्ट्झची शर्यत होती. जाहिरातीत वेगाचा आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरात. १९९३ चे ६६ मेगाहर्ट्झ २००४ च्या अखेरीस ३,८०० झाले, म्हणजे ५७ पट. हे शक्य झालं त्यामागे एक नियम होता. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये तो मांडला. ट्रान्झिस्टर लहान केला की त्याला लागणारं व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता येतं. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवले आणि ते जास्त वेगाने चालवले, तरी त्या जागेतून निघणारी उष्णता तेवढीच राहते. तीस वर्षं सगळा उद्योग या नियमाच्या जिवावर जगला.

मग नियम गळायला लागला, अगदी शब्दशः. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचा नळ. तो इतका बारीक झाला, की बंद असतानाही त्यातून थोडी वीज झिरपायला लागली. घरातला एक नळ ठिबकला तर बादली भरते. इथे कोट्यवधी नळ ठिबकत होते. फेब्रुवारी २००१ मध्ये इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी एका परिषदेत इशारा दिला, की असंच चालू राहिलं तर चिपवरची उष्णतेची दाटी आधी अणुभट्टीइतकी, मग रॉकेटच्या नळकांड्याइतकी आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाइतकी होईल. तीन वर्षांनी, फेब्रुवारी २००४ मध्ये, त्यांच्याच कंपनीचा नवा पेंटियम ४ आला. आतलं नाव प्रेसकॉट. चिप एक चौरस सेंटीमीटरच्या जराशी वर, आणि महागड्या मॉडेलची उष्णता ११५ वॅटपर्यंत. तुलना करायची तर घरातली इस्त्री घ्या. हजार वॅटच्या इस्त्रीचा तवा साधारण दोनशे चौरस सेंटीमीटरचा, म्हणजे चौरस सेंटीमीटरला पाच वॅट. प्रेसकॉटला त्याच्या वीसपट. गेम खेळणाऱ्या पोरांनी त्याचं नावच ‘प्रेसहॉट’ करून टाकलं.

दुसऱ्या बाजूला एएमडी होती. स्वस्त आणि वेगवान, म्हणून आपल्याकडे लाडकी. सप्टेंबर २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाच्या थॉमस पाब्स्ट यांनी एक व्हिडिओ काढला. गेम चालू असताना प्रोसेसरवरचा हीट सिंक काढून घेतला तर काय होतं? पेंटियम ४ ने स्वतःचा वेग कमी केला आणि रडतखडत चालत राहिला. पेंटियम ३ गोठून थांबला. एएमडीचे ॲथलॉन मात्र धूर सोडून मेले. यूट्यूब जन्मायच्या आधीचा हा व्हिडिओ जगभर फिरला. त्यातून सगळ्यांना एक गोष्ट कळली: प्रोसेसरच्या आत स्वतःचा ताप मोजणारा थर्मामीटर असायलाच हवा, आणि ताप वाढला की त्याने स्वतःच हात आखडता घ्यायला हवा. ‘तापल्यामुळे मंदावणं’ हा आज तुमच्या फोनमध्येही असलेला गुण तेव्हापासून सक्तीचा झाल्यासारखा आहे.

ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट फ्लोरिडातल्या एका कार्यक्रमात भर मंचावर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी माफी मागितली. थोडी गंमत, थोडं खरं. वेगाची शर्यत स्पर्धकाने नाही, उष्णतेने संपवली होती. आज वीसेक वर्षांनीही महागडे प्रोसेसर क्षणभर झेप घेतात ती ५-६ गिगाहर्ट्झपर्यंतच.

कागदावरची खोली

आता आपल्या खोलीकडे येऊ. पेंटियम ४ तापतो हे इंटेलला अर्थातच ठाऊक होतं. म्हणून २००३ च्या सुमारास त्यांनी कॅबिनेट बनवणाऱ्यांसाठी एक नमुना ठरवून दिला. प्रोसेसरच्या पंख्याजवळ पोचणारी हवा ३८ अंशांपेक्षा गरम असता कामा नये. त्यासाठी कॅबिनेटच्या दाराला जाळी पाडायची आणि आतून प्लॅस्टिकचं धुराडं लावायचं, म्हणजे बाहेरची हवा थेट पंख्याच्या तोंडाशी येईल. जुन्या कॅबिनेटच्या दारावर तुम्ही ते गोल नळकांडं पाहिलं असेल, ते याचंच.

पण या ३८ च्या मागे आणखी एक आकडा होता. बाहेरची खोली जास्तीत जास्त ३५ अंशांची आहे, असं त्यात धरलेलं होतं. खोलीत ३५, पेटीत ३८, फक्त तीन अंशांची वाढ. प्रयोगशाळेत हे जमतं. कागदावरच्या त्या खोलीत कॅबिनेटच्या चारी बाजूंनी हवा खेळते आणि धूळ नसते.

नवी मुंबईतली खोली कशी होती? कॉम्प्युटर बेडरूमच्या कोपऱ्यात, सनमायकाच्या कॉम्प्युटर टेबलात. त्या टेबलाला कॅबिनेटसाठी खास कप्पा, तीन बाजूंनी बंद, मागे भिंत. वर आईने विणलेलं किंवा दुकानातून आणलेलं झालरीचं कव्हर. घरात एसी असलाच तर आईबाबांच्या खोलीत, तोही रात्रीपुरता. एप्रिल-मेमध्ये वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली, दुपारी खोलीच ३५ च्या पुढे. त्या बंद कप्प्यात आणखी आठ-दहा अंश सहज.

आणि धूळ. हे शहर त्या काळात बांधलं जात होतं, अजूनही जातंय. पारसिकच्या डोंगररांगेतल्या दगडखाणी आणि क्रशर, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे कारखाने, उरणच्या बंदराकडे जाणारे ट्रेलर, प्रत्येक सेक्टरमध्ये उभं राहत असलेलं काहीतरी. वर खाडीची दमट हवा. कोरडी धूळ फुंकरीने उडते. दमट हवेतली धूळ चिकटते, तिचा हीट सिंकच्या पात्यांवर घोंगडीसारखा थर होतो. पंखा जोरात फिरतो, आवाज करतो, आणि हवा त्या घोंगडीवर आपटून परत येते.

यात एक विसंगती आहे. ज्या माणसाने हे शहर कल्पिलं त्याला हा प्रश्न नीट ठाऊक होता. शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्यासोबत चार्ल्स कोरिया यांनी खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना साठच्या दशकात मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर ते तिचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. घर थंड राहण्यासाठी यंत्र नको, घराचा आकारच तसा हवा, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. अहमदाबादला १९६२ मध्ये त्यांनी बांधलेल्या नळीसारख्या घरात गरम हवा उतरत्या छताच्या आतून वर चढून झरोक्यातून बाहेर पडायची आणि खालून थंड हवा आत ओढली जायची. ऐंशीच्या दशकात बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये त्यांनी सात-सात घरं एकेका छोट्या अंगणाभोवती मांडली. कॉम्प्युटरचं कॅबिनेट याच तत्त्वावर चालतं: पुढून खालच्या बाजूने गार हवा आत, मागून वरच्या बाजूने गरम हवा बाहेर. वारा खेळता ठेवायचा विचार शहराच्या आराखड्यात होता, प्रोसेसरच्या पेटीतही होता. मधल्या फर्निचरवाल्याने मात्र तो बंद कप्प्यात कोंडला.

दार उघडून बघताना

हार्बरने कुर्ला, तिथून दादर, दादरहून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. असेंबल्ड पीसी घ्यायचा तर हा प्रवास ठरलेला होता, कारण सुटे भाग लॅमिंग्टन रोडला स्वस्त. कागदोपत्री त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तिथे जाणारं कोणी ते घेत नाही. तिथल्या दुकानांतून आणि नंतर वाशी-नेरूळच्या गाळ्यांतून कारागिरांची एक पिढी तयार झाली. त्यांच्याकडे इंटेलचा नमुना छापलेला कागद नसायचा. हातात पेंटचा जुना ब्रश, पेस्टची पांढरी ट्यूब आणि स्क्रू-ड्रायव्हर. यातले जे खरे जाणकार होते ते फॉरमॅट मारत नसत. ते आधी विचारत, ‘काकू, बंद कधी पडतो? लावल्या लावल्या, की थोड्या वेळाने?’

हा प्रश्न वैद्याच्या नाडीपरीक्षेइतका महत्त्वाचा आहे, आणि त्यामागचं गणित अगदी सोपं. प्रोसेसरचं तापमान म्हणजे त्याच्या भोवतालच्या हवेचं तापमान, अधिक वॅट गुणिले अडथळा. अडथळा म्हणजे दर वॅटमागे किती अंश चढतात. समजा प्रोसेसर ८० वॅटचा आणि अडथळा ०.४. म्हणजे हवेपेक्षा ३२ अंश जास्त. हवा २४ अंशांची असेल तर प्रोसेसर ५६ वर, निवांत. बंद कप्प्यातली हवा ४६ अंशांची असेल तर ७८. त्यात धूळ बसून अडथळा ०.६ झाला, तर ९४. मग मदरबोर्ड आपली मर्यादा बघतो आणि वीज तोडतो. तो बिघडलेला नसतो. तो प्रोसेसरचा जीव वाचवत असतो.

या गणितात तीन जागा आहेत: हवा, वॅट आणि अडथळा. निदान म्हणजे यातली कोणती बिघडली ते शोधणं. जुना पीसी अजून घरात असेल तर आजही हेच करायचं.

चालू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत बंद पडत असेल, तर संशय अडथळ्यावर. बायॉसमध्ये जाऊन तापमानाच्या पानावर नुसतं थांबा. काही काम नसताना आकडा जिना चढल्यासारखा सलग चढत राहिला, तर हीट सिंक प्रोसेसरला टेकलेलाच नाही किंवा पंखा फिरत नाही. २००४ नंतरच्या इंटेल हीट सिंकला प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असायच्या. त्यातली एक जरी नीट ‘टक्’ वाजून बसली नसेल, तर ठोकळा एका कोपऱ्यात केसभर उचललेला राहतो. डोळ्यांना दिसत नाही, प्रोसेसरला कळतं. मदरबोर्डच्या मागच्या बाजूने चारही खुंट्यांची टोकं पार आलीत का ते बघायचं.

अर्ध्या तासाने, गेम किंवा व्हिडिओ चालू असताना बंद पडत असेल, तर संशय हवेवर आणि धुळीवर. इथे त्या कारागिरांची एक युक्ती होती. कॅबिनेटचं दार काढायचं आणि समोर टेबलफॅन लावायचा. तापमान झपाट्याने उतरलं, तर प्रोसेसर आणि ठोकळा ठीक आहेत; पेटीत वारा कमी पडतोय. काहीच फरक पडला नाही, तर आतली पेस्ट वाळली आहे किंवा पात्यांमध्ये घोंगडी बसली आहे. दहा रुपये खर्च नाही आणि निदान पक्कं.

साफ करताना वायर काढून ठेवायची. ब्रश मारताना किंवा ब्लोअर लावताना पंख्याचं पातं बोटाने धरायचं, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं. पंखा ठोकळ्यावरून सुटा करायचा, कारण खरी धूळ पंख्यावर नसते, पंखा आणि पाती यांच्या मध्ये असते. ठोकळा काढायचा असेल तर आधी मशीन पाच मिनिटं चालवून पेस्ट मऊ होऊ द्यायची, बंद करायची, आणि ओढण्याआधी ठोकळा हलकेच डावीउजवीकडे फिरवायचा. जुन्या एएमडीला सरळ ओढलं तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून ठोकळ्याला चिकटून येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट पुसून नवी लावायची ती वाटाण्याएवढी. ती लोणी नव्हे. तिचं काम धातूच्या दोन पृष्ठभागांमधले बारीक खड्डे भरणं. जाड थर दिला तर तोच अडथळा होतो.

आणि शेवटी कॅबिनेट त्या कप्प्यातून बाहेर काढून टेबलाशेजारी ठेवायचं. अनेक घरांत एवढ्यानेच काम व्हायचं. फॉरमॅटमध्ये गेलेले फोटो आणि कॉलेजचे प्रोजेक्ट मात्र परत आले नाहीत.

उष्णता गेली कुठे?

२००६ मध्ये इंटेलने दिशा बदलली. कोअर टू ड्युओ आला: वेगाचा आकडा कमी, एकाऐवजी दोन मेंदू, उष्णता ६५ वॅट. घरातले उन्हाळे जरा सुसह्य झाले. मग लॅपटॉप आले, मग स्मार्टफोन. आज तुम्ही हे वाचताय ते यंत्र काही वॅटमध्ये चालतं, त्याला पंखा नाही. उष्णतेचा प्रश्न सुटल्यासारखा दिसतो.

तो सुटलेला नाही, त्याने घर बदललंय. तुम्ही बघता तो व्हिडिओ, शोधता तो शब्द, एआयला विचारता तो प्रश्न, यांचं जड काम फोनमध्ये होत नाही. ते दूरच्या एखाद्या सर्व्हरवर होतं, आणि देशातले असे बरेच सर्व्हर नवी मुंबईतच आहेत. जिथे एकेकाळी रसायनांचे आणि कापडाचे कारखाने होते, त्या ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात आज खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या इमारती आहेत. पनवेलजवळ योट्टाचं अवाढव्य केंद्र जुलै २०२० मध्ये सुरू झालं. समुद्राखालून आलेल्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, औद्योगिक वीज आणि जागा खाडीपलीकडे मिळते, म्हणून हे सगळं इथे.

या इमारतींच्या कागदावरही एक खोली आहे. सर्व्हरला दिली जाणारी हवा १८ ते २७ अंशांची असावी, अशी जगभर मानली जाणारी शिफारस आहे. बाहेर मे महिना असो वा जून, आत ती राखायची. टिफ्रॅकचा काळ एका अर्थी परत आलाय: यंत्राला त्याची थंड खोली मिळाली. पण थंड करणं म्हणजे उष्णता नाहीशी करणं नव्हे, ती भिंतीपलीकडे टाकणं. सर्व्हरमधून निघालेली उष्णता, अधिक ती बाहेर ढकलणाऱ्या यंत्रांची स्वतःची उष्णता, छतावरून याच शहराच्या हवेत सोडली जाते. आपल्या बेडरूममधली शेगडी आता महाप्यात पेटते, एवढाच बदल.

आणि दुसरं टोक तुमच्या हातात आहे. ॲपल आपल्या ग्राहकांना सांगते, की आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा. पुन्हा तेच ३५. फोनला पंखा नाही म्हणजे फोनचं अंगच हीट सिंक. उष्णता काचेतून आणि पाठीतून बाहेर पडते, थोडी तुमच्या तळहातात. हार्बरच्या गर्दीत, जाड कव्हर घालून, चार्जिंग लावून, मॅप आणि हॉटस्पॉट चालू ठेवला, की बिचारा स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो, गेम अडकवतो. आपण म्हणतो, फोन जुना झाला, नवा घेऊ. ‘विंडोज उडालं’सारखंच हे निदान आहे. आधी कव्हर काढा, चार्जर काढा, सावलीत ठेवा. फ्रिजमध्ये मात्र नको, दमट हवेत बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं.

फरक एकच झालाय. त्या पीसीचं दार चार स्क्रूंनी उघडायचं. आत काय चाललंय ते दिसायचं, ब्रश पोचायचा, आणि कागदावरची खोली व आपली खोली यांतलं अंतर निदान आपल्या हाताने थोडं कमी करता यायचं. फोन गोंदाने बंद आहे आणि डेटा सेंटरला कुंपण आहे. उरते ती खोली, तेवढी अजून आपली आहे. म्हणून पुढच्या वेळी यंत्र दुपारीच का बंद पडतं असं कोणी विचारलं, तर आधी त्यालाच उलट विचारा, ‘तुमच्या खोलीत किती अंश असतात?’